सरांचा शंभराचा बल्ब

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आधी उभी राहिली ती कार्यानुभवाची खोली. प्रार्थनेचं पटांगण, ग्रंथालय, घंटेचा रूळ यांच्यावर बाकीचे लिहितीलच. सायकल स्टँडमागच्या त्या खोलीत भिंतीवर एक लाकडी बोर्ड टांगलेला असायचा. त्यावर दोन स्विच, एक थ्री-पिन सॉकेट, तार भरायचा चिनी मातीचा किटकॅट फ्यूज आणि लांब वायरीच्या टोकाला होल्डरमध्ये शंभर वॅटचा बल्ब. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांचा घरसंसार त्या बोर्डाच्या शिकवणुकीवर सुरळीत चालला आहे, असं मी मनापासून मानतो.

कार्यानुभव शिकवणारे आमचे सर वर्धेकडचे. 1937 साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यातूनच पुढे नई तालीम उभी राहिली, हे सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. मग लगेच पक्कड हातात देत. नळ गळतो, दार घासतं, कूलर झटका देतो, अशी तक्रार कुणी घरून आणली की त्यांचा एकच प्रश्न असे, “काहून रे, गळते कुठून ते पाहिलं का आधी?”

नळाचंच घ्या. तोंडातून थेंब पडत असेल तर आतलं वायसर झिजलं आहे, आणि मुठीखालून पाणी येत असेल तर वायसर बदलून काहीच होणार नाही, तिथलं पॅकिंग गेलेलं असतं. दोन्हींना आपण ‘नळ गळतो’ म्हणतो आणि चुकीचा भाग बदलतो. नवं वायसर घालूनही थेंब थांबला नाही तर ज्या कडेवर ते बसतं त्या पितळी बैठकीवर बोट फिरवून पाहायचं. तिथे खाच पडली असेल तर कितीही वायसरं घाला, आठवड्याभरात ती कापली जाणार. टेफ्लॉन टेप आट्यांवर ज्या दिशेनं नळ आवळतो त्याच दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटून गोळा होते. हे सगळं करण्याआधी वरच्या टाकीचा व्हॉल्व बंद करायचा आणि नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाकायचं. बाथरूममध्ये कारंजी उडतात ती ही पायरी गाळली म्हणूनच.

दाराचं तर नागपुरात खास शास्त्र आहे. मे महिन्यात इथली हवा अगदी कोरडी, ऑगस्टमध्ये ओलीचिंब. लाकूड पाणी शोषून फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाळ्यात दार उभ्या कडेनं घासतं आणि माणूस लगेच रंधा मागतो. सर ऑगस्टमध्ये रंधा देतच नसत. दार जिथे घासतं तिथे खडूनं खूण करून ठेवा म्हणत आणि दिवाळीनंतर पाहायला सांगत. बऱ्याचदा तोवर दार आपोआप मोकळं झालेलं असे. पावसाळ्यात तासलेल्या दाराला उन्हाळ्यात फट पडते आणि तिच्यातून लू घरात येते. मात्र दार फक्त कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात घासत असेल, तर दोष लाकडाचा नाही. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार झुकलेलं असतं. स्क्रू काढायचा, भोकात काड्यापेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉल लावून ठोकायच्या, वरचं टोक कापायचं, वाळू द्यायचं आणि तोच स्क्रू परत घट्ट बसवायचा. या कामाला रंधा लागतच नाही.

पण सरांचा जीव होता कूलरमध्ये. मार्च लागला की आठवीचे सगळे तास कूलरचे. नवतपा, म्हणजे ऐन उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत, 25 मेच्या सुमाराला, वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरचा कूलर बिनधोक चालला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आपल्या शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे ऐन तापाचे दिवस मुलं घरी, कूलरपुढे. त्यामुळे हे शिकवायची वेळ मार्चच, असं ते म्हणत.

क्रम ठरलेला होता. आधी टाकी. पत्र्याच्या टाकीत चार बोटं पाणी भरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी खाली ओल दिसते का ते पाहायचं. गंज धरलेली जागा कानशीनं घासून, कोरडी करून, मग एम-सील किंवा डांबर. ओल्या पत्र्यावर लावलेलं डांबर आठ दिवसांत पापुद्र्यासारखं सुटतं. मग ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसणाऱ्या, गवत भरायच्या चौकटी. गवत, म्हणजे लाकूड तासून केलेली ती लांब, बारीक लोकर, आधी झटकून मोकळी करायची आणि साधारण दोन इंच जाड, सगळीकडे सारखी पसरायची. दाबून भरली तर हवा आत येत नाही. विरळ भरली तर हवा त्या विरळ जागेतूनच येते आणि ती न भिजताच येते. मेच्या मध्यापर्यंत गवत ओलं होऊन खाली बसतं आणि वरच्या बाजूला फट पडते. ‘कूलर गार हवा देत नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा या चार बोटांच्या फटीची असते. वाळ्याच्या ताटीचा वास सुरेख येतो, पण ती दाट असल्यानं तिच्यावर पाणी सारखं पसरतं की नाही, हे जास्त पाहावं लागतं.

वरच्या पाइपाची भोकं क्षारानं बुजतात. ती सुईनं मोकळी करायची. पंप आधी सुरू करायचा, ताट्या पूर्ण भिजू द्यायच्या, मगच पंखा. आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं हवंच. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास 2400 किलोज्यूल उष्णता हवेतून शोषली जाते, म्हणजे एक किलोवॅटची शेगडी 40 मिनिटं चालवून मिळेल एवढी. सर हे फळ्यावर मांडून दाखवत. पण ती वाफ खोलीत कोंडली तर हवा दमट होते आणि पाणी वाफ व्हायचंच थांबतं. घरोघरी दार लावून कूलर लावतात आणि अर्ध्या तासात अंग चिपचिप करायला लागतं, त्याचं कारण इतकंच. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी होतो तोही याच कारणानं.

पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. त्याच दिवशी आतल्या भिंती ब्रशनं घासायच्या. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेवर भिंतीला अंडी चिकटवतो. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी कोरडी पडून तशीच टिकून राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. सरांनी घासण्याचा आग्रह धरला त्याचं हे कारण पुढे पोरांच्या पुस्तकांत नीट वाचायला मिळालं.

आता तो बोर्ड. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी आणि पाण्यात बुडालेला विजेचा पंप. पंपाच्या वायरीचं रबर चिरलं की सगळा पत्रा जिवंत होतो. नागपुरात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि त्यात पाणी भरायला गेलेली लहान मुलं, बायका असतात. सरांनी हे कधी हळू आवाजात सांगितलं नाही. थ्री-पिनमधली वरची जाड पिन अर्थिंगची, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. तिलाच काढून टाकून दोन पिनवर कूलर चालवणाऱ्याला ते वर्गात उभं करत. टेस्टर लागला नाही म्हणजे सगळं ठीक, हेही त्यांना मान्य नव्हतं. अर्थिंग खरोखर आहे का, हे त्यांचा शंभराचा बल्ब सांगे. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये (ती परत नेणारी) बल्ब जितका लख्ख पेटतो, तितकाच तो फेज आणि अर्थमध्ये पेटला पाहिजे. मंद पेटला तर अर्थिंग नावापुरतं आहे. ही तपासणी मोठ्या माणसानंच करायची, आणि हल्ली घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर या तपासणीत तोच उडतो. ते चांगलंच लक्षण आहे. ज्याच्या घरी तो नाही त्यानं यंदा बसवावाच. आणि पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढायचा. जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला सापडतो, मग स्विच बंद असला तरी पंपात फेज असतोच.

एका वर्षीचं स्नेहसंमेलन सगळ्या बॅचला आठवत असेल. नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला आणि रंगमंच अंधारात. फ्यूज गेला होता. कुणीतरी घाईनं वायरीतले तांब्याचे पाच-सहा तंतू पिळून किटकॅटमध्ये भरले आणि दिवे लागले. टाळ्या पडल्या. सर प्रेक्षकांतून उठले, मागे गेले आणि त्यांनी स्वतः मेन बंद केला. प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत, मुख्याध्यापक अस्वस्थ. सरांनी टॉर्चच्या उजेडात ते तंतू काढून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, “पहारेकरी ओरडला म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबता काय?”

मग तिथेच हिशेब. शंभराचे दहा बल्ब, पाचशेचे दोन हॅलोजन, दोनशे वॅटचा अँप्लिफायर आणि विंगेमागे पाहुण्यांच्या चहासाठी कुणी लावलेली हजार वॅटची शेगडी. एकूण 3200 वॅट, भागिले 230, म्हणजे जवळपास 14 अँपिअर. आणि लाइन 5 अँपिअरची. जाड तार घातली असती तर फ्यूज टिकला असता, भिंतीतली वायर तापत राहिली असती आणि पडद्याच्या मागेच पेटली असती. शेगडी काढली. हॅलोजन प्रयोगशाळेच्या 15 अँपिअरच्या पॉइंटवर नेले. दोन बल्ब उतरवले. उरलेला भार 1000 वॅट, साडेचार अँपिअरच्या आत. मग त्यांनी खिशातल्या गुंडीतून 0.2 मिलिमीटरची कल्हई केलेली तार काढून किटकॅटमध्ये भरली. पंधरा अँपिअरला 0.5 ची लागते, हेही त्या अंधारात सांगून टाकलं. वीस मिनिटं गेली. नाटक नीट पार पडलं.

आमच्या वर्गातला एक जण आज कोराडीच्या वीज केंद्रात आहे, एक मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात, दोघांचे हिंगणा एमआयडीसीत स्वतःचे कारखाने आहेत. बाकीचे आम्ही बाप झालो, आणि घरात काही बिघडलं की पोरांसमोर सरांचाच प्रश्न विचारतो. सर आता नाहीत. कार्यानुभवाच्या खोलीत संगणक आले, तेही गरजेचेच. पण तो तास गणिताच्या जादा वर्गाला गेला, याचं दुःख होतं. आजचं पोर फोनवरून मिस्त्री बोलावतं आणि मिस्त्री दोन पिनवर कूलर लावून जातो, ते पोराला कळत नाही.

शाळेला एकच विनंती आहे. आठवीला मार्चमधले चार तास परत द्यावेत. पकडी, पेचकस, टेस्टर, पाने, कानशी, पटाशी यांचे बारा संच आणि सरावासाठी दोन जुने कूलर आमची बॅच पोचतं करेल. रंधा मात्र आम्ही नवा घेत नाही. सरांचा जुना रंधा, ज्याचं पातं ते स्वतः दगडावर लावत, स्टोअरमध्ये कुठेतरी असेल. तो आणि तो लाकडी बोर्ड सापडला तर कळवावं, होल्डर आणि वायर बदलायला आम्ही येतो.