बेहड्यातली बाळंतीण

चार वर्षं मी एका लाकूड ठेकेदाराकडे मोजणीला होतो. छातीच्या उंचीवर झाडाचा घेर घ्यायचा, चुन्याची फुली मारायची, वहीत टिपायचं: ऐन, किंजळ, ऐन, जळाऊ. जळाऊ म्हणजे ज्यांची नावं लिहायची गरज नसते ती सगळी.

संगमेश्वर तालुक्यातलं हे रान. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली तिघं गावात, बाकी डोंबिवली नि नालासोपाऱ्यात. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतंच; इथलं रान असंच कुणाकुणाचं, सामाईक. वाटण्या होत नाहीत, जमीन पिकत नाही. मग गणपतीत चाकरमानी जमले की विषय निघतो आणि रान उक्तं दिलं जातं, म्हणजे झाडं न मोजता एकरकमी. विकणारा मोजत नाही. मोजायला घेणारा माणूस पाठवतो, तो मी. त्या सतरा जणांच्या हातात माणशी जे पडलं, त्यात एक बरा मोबाईल आला असता. शिव्या मात्र तोडणाऱ्यालाच मिळतात.

मार्च होता. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी एक बेहडा, कवेत न मावणारा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, खैर आहेत, बेहडा नाही. त्यामुळे त्याचं काही कौतुक नसतं. फुलीला हात उचलला तोच मागून हाक आली.

"त्याला हात लावू नको रं बाबा. बाळंतीण हाय आत."

डोक्यावर कवळांचा, म्हणजे पाल्याच्या डहाळ्यांचा, भारा घेतलेली म्हातारी. मला वाटलं, देवस्कीचं काही असेल. तिनं भारा टेकला नि वर बोट केलं. खोडात वीसेक फुटांवर ढोली, तोंड लिंपलेलं, मधे बोटभर फट. ककणेराची मादी स्वतःला आत कोंडून घेते हे मी ऐकून होतो. शहरातले लोक धनेश म्हणतात तो पक्षी.

आम्ही दोघं बसून राहिलो. अर्ध्या तासानं सूप पाखडावं तसा पंखांचा आवाज आला. नर खोडाला बिलगला, घशातून एकेक उंबर वर काढून फटीत देत राहिला. मी सवयीनं मोजली. एकोणीस.

ठेकेदाराला फोन लावला. "1972 चा वन्यजीव कायदा आहे, लफडं नको. तेवढं सोड, बाकी घे," तो म्हणाला. मला फार बरं वाटलं. आजीनं घरी नेऊन गूळपाणी दिलं.

पुढच्या आठवड्यात कटर लागले. तीन आठवड्यांत डोंगराची ती कूस मोकळी झाली, माल आंबा घाटानं वर कोल्हापूरकडे गेला. उंबरही गेले. ते जळाऊत होते, आणि फुली मीच मारली होती.

जूनमध्ये उरलेल्या मालासाठी गेलो तेव्हा बेहडा आडवा पडला होता. इतकी वर्षं शेजारच्या झाडांनी वारा अडवला होता, एकट्याला तो पेलला नाही. ढोलीचा लिंपण फुटला होता. आतून फोडलेला की पडताना फुटलेला, काही कळेना. आत पिसं होती, पण पिसं मादी आत बसल्यावरही गाळते. पऱ्याला लाल पाणी. पालापाचोळ्याचा थर गेल्यावर पाऊस जिरायला थांबतो कशाला, माती घेऊन थेट शास्त्री नदीकडे पळतो. ठेकेदाराला कळवलं. म्हणाला, "पडलंच आहे तर आण की." वहीत जळाऊत धरला.

पुढच्या एप्रिलात शेजारचं रान मोजायला त्या वाडीत गेलो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख, आणि रस्त्यावर टँकर उभा. पऱ्या शिमग्यालाच आटला होता. रांगेत आजी होती, हंडा कमरेला.

तिनं मला ओळखलं. आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी विचारतात. तिनं विचारलं नाही.