टेकऑफनंतर इंजिन गेलं की मागे वळायचं का?

हॉलिवूडचा नट हॅरिसन फोर्डला विमानं उडवायचा भारी नाद, हे बऱ्याच जणांना माहितीये. ५ मार्च २०१५ला तो कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून १९४२ सालचं रायन पीटी-२२ विमान घेऊन निघाला आणि उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनाने मान टाकली. टॉवरला म्हणाला परत येतो, पण उंची होतीच कुठे, रनवेपर्यंत पोचत नाही हे लक्षात आल्यावर त्याने विमान सरळ जवळच्या पेनमार गोल्फ कोर्सकडे घेतलं, झाडाच्या शेंड्याला घासलं आणि खाली आदळलं. माणूस वाचला, ७२ वर्षांचा होता हो तेव्हा!

कारण काय तर कार्ब्युरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भाग. एवढासा पार्ट, तो आपल्या जागेवरून आटे सुटून निघाला, पेट्रोल नको तेवढं जायला लागलं, मिक्श्चर रिच झालं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि पॉवर गेली. जुनी बाइक ओव्हरफ्लो होऊन बंद पडते ना, तसंच. शिवाय खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता म्हणून जास्त लागलं, असं तपासात निघालं.

पायलट लोक या मागे वळण्याला इम्पॉसिबल टर्न म्हणतात. कमी उंचीवर विमान जोरात कलवलं की स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग, वाढतो, त्यात नाक वर ओढलं तर संपलंच, सावरायला खाली जागाच नसते. म्हणून शिकवतात की आधी नाक खाली, स्पीड टिकवा, समोर जे मोकळं दिसेल तिथे उतरा. मला विचाराल तर गोल्फ कोर्स म्हणजे लॉटरीच, आपल्या मुंबईच्या जुहू विमानतळावरून उडालं तर काय मिळणार, एकीकडे बिल्डिंगा नि दुसरीकडे समुद्र.