तुम्ही विचारलंत म्हणून: बुडालेल्या समुद्रतळाचं काय होतं?

भूशास्त्र शिकवतो म्हटलं की एक प्रश्न ठरलेला: "सर, समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात जातो, तो वितळून त्याचाच लाव्हा होतो ना?"

नाही हो, बहुतेक ठिकाणी तो वितळतच नाही. तळ थंडगार असतो, वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो आणि दगड तापतो फार सावकाश. दाब मात्र खोलीबरोबर तिथल्या तिथे वाढतो, आणि खरी करामत त्याचीच.

हा तळ म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा भाऊबंद, फक्त पाणी मुरलेला. पन्नासेक किलोमीटर खाली त्यातली जुनी खनिजं मोडतात आणि लाल गार्नेट, हिरवं ऑम्फसाइट तयार होतं. हा एक्लोजाइट. लिटरच्या बाटलीएवढा बेसाल्ट भरतो साधारण ३ किलो, तेवढाच एक्लोजाइट साडेतीनच्या घरात, आणि भोवतालचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, ३.३. म्हणजे तळ आता स्वतःच्याच वजनाने बुडतो, मागच्या प्लेटलाही, म्हणजे भूकवचाच्या ज्या तुकड्याचा तो भाग आहे त्यालाही, ओढतो.

मग लाव्हा कुठला? खनिजं मोडताना सुटलेलं पाणी वरच्या प्रावरणात शिरतं, त्याने ते कमी तापमानाला वितळतं. जपानचे ज्वालामुखी पेटतात ते असे.

"पाहिलंय कोणी?" हा पुढचा प्रश्न. इटालियन आल्प्समध्ये लागो दि चिन्याना नावाचं तळं आहे. तिथला खडक एके काळी समुद्रतळ होता. ९० किलोमीटरहून खोल जाऊन तो परत वर आला. १९९१ साली त्याच्या गार्नेटमध्ये कोएसाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. कोएसाइट म्हणजे प्रचंड दाबाखाली आवळलेली सिलिका, वाळूत असते तीच. वर येताना तिचं क्वार्ट्झ (गारगोटी) होऊ लागतं, ते फुगतं आणि भोवतालच्या गार्नेटला चिरा पाडतं. सूक्ष्मदर्शकाखाली मधे एक कण आणि चहूबाजूंनी तडे, गोटी लागलेल्या काचेसारखे. मला तरी याहून बोलका पुरावा माहीत नाही.

जो तळ परत येत नाही, बुडतच जातो, तो ६६० किलोमीटर खोलीवर जरा अडखळतो. भोवतालची खनिजं तिथे घट्ट होऊन बसलेली, याचं गार्नेट मात्र अजून जुन्याच रूपात. त्यामुळे थोड्या पट्ट्यात हाच हलका ठरतो. आणखी खाली गार्नेटही मोडलं की पुन्हा जड. तिथवरचा खडक हाती येत नाही, पण ब्राझीलच्या जुइना भागात तेवढ्या खोलवरून वर आलेल्या हिऱ्यांत केसाहून बारीक कण मिळाले. २०११ मध्ये ते तपासले, तर त्यांची घडण थेट समुद्रतळाच्या बेसाल्टशी जुळली.