पर्यावरण कायद्याकडे वळू पाहणाऱ्या विधी विद्यार्थ्यांसाठी

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरीविषयीचा सहा महिन्यांपूर्वीचा आपलाच निकाल दोन विरुद्ध एक अशा मताने मागे घेतला. पर्यावरण कायदा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे प्रकरण मुळातून वाचावे, असे मी आग्रहाने सांगत असतो. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी १६ मे २०२५ रोजी निकाल दिला होता. आधी बांधकाम किंवा उत्खनन सुरू करायचे आणि पर्यावरण मंजुरी नंतर पदरात पाडून घ्यायची, ही वाट त्या निकालाने बंद केली आणि ती उघडणारी केंद्र सरकारची २०१७ ची अधिसूचना व २०२१ चे कार्यालयीन ज्ञापन रद्द ठरवले. नोव्हेंबरमध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. विनोद चंद्रन यांनी तो निकाल परत घेऊन प्रकरण नव्याने सुनावणीस ठेवले, न्या. भुयान यांनी मात्र सविस्तर भिन्नमत नोंदवले. समान संख्येच्या खंडपीठांचे आधीचे निकाल विचारात घेतले गेले नव्हते, आणि उभे राहिलेले प्रकल्प पाडावे लागल्यास सार्वजनिक पैशाचे मोठे नुकसान होईल, ही बहुमताची मुख्य भूमिका आहे. मला व्यक्तिशः भिन्नमत अधिक पटते, कारण मंजुरीपूर्वी धोक्याचा विचार करणे हाच प्रकल्पांना पूर्वमंजुरी सक्तीची करणाऱ्या २००६ च्या अधिसूचनेचा गाभा आहे आणि डोंगर फोडून झाल्यावर तो विचार करण्यात अर्थ उरत नाही. तरीही विद्यार्थ्याने दोन्ही बाजू शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात. पूर्वनिर्णय म्हणजे काय, तो कोणावर आणि कितपत बंधनकारक असतो, हे याहून चांगल्या रीतीने शिकवणारे ताजे प्रकरण मला माहीत नाही.

विद्यार्थीदशेत आपण काय करू शकणार, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. २०१९ साली दक्षिण प्रशांत महासागरातील विद्यापीठाच्या वानुआतू येथील २७ विधी विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा, अशी मागणी आपल्या प्रदेशातील सरकारांकडे केली. वानुआतूच्या सरकारने ती उचलून धरली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील त्या न्यायालयाने एकमताने सल्लागार मत दिले. हवामानाचे रक्षण ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि तिचा भंग झाल्यास त्या राष्ट्रावर आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार दायित्व येते, असे त्या मताचे सार आहे.

आपल्याकडचे उदाहरण आरेचे आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि दसऱ्याच्या सुट्टीत, ७ ऑक्टोबरला, विशेष खंडपीठ बसवून पुढील तोड थांबवली. तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडलेली होती. पर्यावरणाच्या दाव्यात वेळ हातचा गेला की निकाल बाजूने लागूनही हाती फारसे उरत नाही, हे त्या चार दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

वेळेचा हाच प्रश्न राष्ट्रीय हरित लवादासमोर रोज उभा राहतो. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या लवादाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे आणि महाराष्ट्र, गुजरात व गोवा ही राज्ये त्याच्या कक्षेत येतात. पर्यावरणविषयक वादाचा कलम १४ खालील अर्ज वादकारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळतात. मंजुरीविरुद्धच्या अपिलासाठी कलम १६ ने तीसच दिवस दिले आहेत आणि त्यावर जास्तीत जास्त साठ दिवसांचा विलंब माफ होऊ शकतो. नव्वद दिवस उलटले की लवादाचे हात बांधलेले असतात. त्यामुळे मंजुरीचे पत्र कोणत्या तारखेचे, ते परिवेश या सरकारी मंजुरी पोर्टलवर कधी चढले, स्थानिक मराठी दैनिकात जाहिरात केव्हा आली, ग्रामपंचायतीत प्रत कधी पोहोचली, हे कोष्टक करून पुराव्यासह लावणे हे अपिलातील पहिले आणि अनेकदा निर्णायक काम असते. नुकसानभरपाईची मागणी नसेल तर अर्जाचे शुल्क हजार रुपये आहे, म्हणजे गावकऱ्यांना खर्चापेक्षा कागद वेळेत गोळा न होणेच अडवते. हे काम द्वितीय वर्षाचा विद्यार्थीसुद्धा नीट करू शकतो, आणि ज्येष्ठ वकिलांना नेमकी याच कामासाठी माणसे मिळत नाहीत.

इथे मराठी वाचता येणे ही मोठी जमेची बाजू ठरते, आणि मला या लेखात सर्वांत जास्त भर द्यायचा आहे तो याच मुद्द्यावर. इंग्रजी माध्यमातून न आलेले विद्यार्थी या क्षेत्राकडे बिचकत पाहतात. वास्तविक ईआयए अहवाल, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल, इंग्रजीत असला तरी त्याची सत्यता तपासण्याचे कागद मराठीत असतात: सातबारा, फेरफार, गावनकाशा, पंचनामे, ग्रामसभेचे ठराव. माझ्याकडे काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने खाणपट्ट्याच्या एका प्रकरणात अहवालातील जमिनीचे वर्णन आणि गाव नमुना बारा असे दोन्ही कागद समोर ठेवले. अहवालाने ज्या गटाला ओसाड, बिनवापराची जमीन म्हटले होते, त्याच गटासमोर पिकाच्या रकान्यात सलग वर्षांची ज्वारी आणि तुरीची नोंद होती आणि जलसिंचनाच्या साधनाखाली विहीर लिहिलेली होती. अहवाल तयार करणाऱ्यांनी तो उतारा काढलेलाच दिसत नव्हता. त्या दोन कागदांची तुलना आम्ही अपिलात जशीच्या तशी जोडली. हे तिला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते; घरी शेती असल्याने उतारा कसा वाचायचा हे तिला ठाऊक होते, एवढेच.

प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी गावात होणाऱ्या जनसुनावणीलाही विद्यार्थ्यांनी आवर्जून जावे. सुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची जाहीर सूचना प्रदूषण नियंत्रण मंडळाने द्यायची असते, अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला मिळाला पाहिजे, आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असावा लागतो. गणपूर्तीची अट नसल्यामुळे मंडपात दहाच माणसे असली तरी सुनावणी वैध ठरते. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून समजावून सांगायचे आणि त्यावर त्याच दिवशी सही करायची, असा स्पष्ट नियम आहे. पण संध्याकाळ होते, लोक पांगू लागतात आणि ही पायरी घाईत उरकली जाते. तिथे उभे राहून ‘इतिवृत्त वाचून दाखवा’ एवढे शांतपणे म्हणणारा एक विद्यार्थी गावाच्या फार उपयोगी पडतो, कारण जी हरकत इतिवृत्तात आली नाही ती पुढे मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोर आणि लवादासमोर सिद्ध करणे जड जाते.

इंटर्नशिपविषयी थोडक्यात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे पूर्ण करावे लागतात आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ चालत नाही. वकिलांच्या कार्यालयांबरोबरच स्वयंसेवी संस्था, नियामक प्राधिकरणे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडचे कामही या नियमात बसते, हे अनेकांना माहीत नसते. १९७९ मध्ये दिल्लीत सुरू झालेली कल्पवृक्ष ही पर्यावरण संस्था पुण्यात काम करते आहे. गोव्यात गोवा फाउंडेशन या संस्थेने खाणींविरुद्ध लढवलेली प्रकरणे, विशेषतः २०१४ आणि २०१८ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, अर्ज करण्यापूर्वीच वाचून जावेत.

नोट्स मात्र ताज्या ठेवाव्यात. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होते, असे अजूनही अनेक झेरॉक्सच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या गाइडमध्ये छापलेले आढळते. जनविश्वास कायद्याने ती कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला आणि हा बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दंड आता न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो आणि त्याच्या आदेशावर अपील हरित लवादाकडे जाते. कैदेचा धाक गेला हे मला मुळीच रुचलेले नाही. पण या चौकशांत गावाची बाजू कागदोपत्री मांडणारे वकील लागणार आहेत आणि या विषयात अजून कोणीच मुरलेले नसल्याने नव्या माणसाला इथे जागा आहे.

दुसरा वाचावाच असा निकाल माळढोकाच्या प्रकरणातील आहे. नान्नजच्या अभयारण्यामुळे सोलापूरकरांना हा पक्षी परिचित असला तरी हे प्रकरण मुख्यतः राजस्थान आणि गुजरातमधील वीजवाहिन्यांचे आहे. २१ मार्च २०२४ च्या या निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मधून येतो, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालाने वाहिन्या सरसकट जमिनीखालून नेण्याचा २०२१ चा आदेश मात्र सैल केला. सौरऊर्जा आणि पक्षी यांच्यातील हा पेच मूट कोर्टासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव न्यायालयासाठी, उत्तम विषय आहे.

माझ्याकडे किंवा कोणत्याही वकिलाकडे या कामासाठी अर्ज करताना लांबलचक बायोडेटा पाठवण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातील एक नदी, एक खाण, एखादा कारखाना किंवा कचरा डेपो निवडावा, त्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आणि पर्यावरण मंजुरी मिळवून वाचावी, मिळत नसल्यास माहितीच्या अधिकारात मागावी, आणि दोन पानांत तारखांची यादी व लागू होणारी कलमे लिहून अर्जासोबत जोडावी.