चित्रकार की कवी? कृपया एकच पर्याय निवडा

कलाकारांच्या रेसिडेन्सीचा (काही काळ एका ठिकाणी राहून आपलं काम करायची संधी) अर्ज भरला, निवड झाली, सगळं झालं, पण त्या फॉर्मवरचा राग काही जात नाहीये म्हणून लिहितेय. कविता आणि चित्र मिसळून काम करणाऱ्या कुणालातरी उपयोग होईल.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर मी एवढी का वैतागले ते कळणार नाही. मी ओळ मोठ्याने म्हणते आणि म्हणता म्हणता ब्रशने शाईचे फटकारे मारते. लघु म्हणजे ऱ्हस्व उच्चाराच्या अक्षराला छोटा, गुरू म्हणजे दीर्घ उच्चाराच्या अक्षराला त्याच्या दुप्पट, यती म्हणजे ओळीतला थांबा आला की ब्रश उचलायचा. भुजंगप्रयात हे वृत्त घेतलं तर ओळीत लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, 12 अक्षरं, 20 मात्रा (लघुची एक, गुरूच्या दोन), म्हणजे कागदावर एक छोटा दोन लांब, एक छोटा दोन लांब असं चालत जातं. अभंगात लघु-गुरूचा हिशोबच नाही, नुसती अक्षरं मोजायची, मोठ्या अभंगात चार चरणांत 6-6-6-4, त्यामुळे फटकारे सगळे सारखे आणि शेवटच्या चारनंतर कागद रिकामा राहतो. मला खरं तर ती रिकामी जागाच जास्त आवडते, पण ते असो.

नाव, बायोडेटा, आधीची प्रदर्शनं वगैरे पटापट झालं. मग आला 'कलाप्रकार'. ड्रॉपडाउन, एकच निवडा. 'चित्रकला' निवडलं की ऑडिओ अपलोड करायची जागा गायब. 'साहित्य' निवडलं की फोटोंची जागा गायब आणि वर टाइप केलेल्या कविता मागतात. आता माझ्याकडे टाइप केलेलं असं काही नाहीच, जे आहे ते शाईत आणि आवाजात. 'इतर' नावाचा पर्याय एवढ्या मोठ्या यादीत कुणाला सुचला नाही! मेल केला तर उत्तर आलं की कृपया सूचना वाचाव्यात. सूचना मला तोवर पाठ झाल्या होत्या. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ एकदम शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही चित्रकार की कवी ते आधी ठरवून घ्या, मग फॉर्म भरा." मी म्हटलं, अहो दोन्ही एकाच वेळी चालतं, तर म्हणे सिस्टीम घेत नाही. शेवटी 'चित्रकला' टाकून पाठवला, तर बऱ्याच दिवसांनी परत आला, शेरा एका ओळीचा, 'कामाचे स्वरूप स्पष्ट नाही'. स्पष्ट कसं असेल, अर्धं काम तुमच्याच फॉर्मने काढून टाकलं ना!

परत भरला तेव्हा हे कोडं सुटलं ते निवेदनाच्या, म्हणजे आपलं काम काय ते सांगायच्या रकान्यात. तिथे 'लय आणि भाषेचा शोध घेते' असलं काही लिहू नका, प्रत्येक अर्जात तेच असतं आणि वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. हात काय करतो ते लिहा. मी दोनच शब्द घेतले, 'सत्य' आणि 'तुझ्या'. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं हा नियम, पण त्यावर आघात, म्हणजे उच्चारताना जोर आला तरच. 'सत्य'मधल्या स वर आघात येतो म्हणून तो गुरू, 'तुझ्या'मधल्या तु वर येत नाही म्हणून तो लघुच. नुसतं लिहिलेलं बघून दोन्ही सारखेच वाटतात, फरक म्हटल्यावरच कळतो. म्हणजे माझा फटकारा किती लांब हे कान ठरवतो, तर आवाज काढून टाकल्यावर चित्र कसं बघणार तुम्ही? एवढंच लिहिलं, आणि खरं सांगते, ते वाचून मलाच माझं काम नीट समजल्यासारखं वाटलं.

आणि आवाज कुठून घुसवला, तर चित्रकलेच्या खाली 'प्रक्रियेचा व्हिडिओ (ऐच्छिक)' अशी बारीक अक्षरांतली ओळ होती. कॅमेरा वरून कागदावर स्थिर, चेहरा नाही, संगीत नाही, फक्त ब्रश आणि म्हणणं. घेतलं त्यांनी. ऐच्छिक लिहिलेलं काही सोडू नका, वाट तिथूनच निघते कधीकधी.

हो, एक राहिलं. निवेदन फॉर्ममध्ये थेट टाइप करू नका, पान मधेच लॉगआउट होतं आणि काही सेव्ह राहत नाही. आणि व्हिडिओ काढताना पंखा बंद करा, नाहीतर लघु अक्षरं सगळी त्या घरघरीत जातात.