‘ष्ट’ की ‘ष्ठ’: ऑल-इन-वन घेताना केलेला हिशेब

मी पुण्यात, शनिवार पेठेत घरूनच अक्षरजुळणीचं काम करते. दिवाळी अंक, कथासंग्रह, अधूनमधून एखाद्या संस्थेची स्मरणिका. जून ते ऑक्टोबर दिवसाचे दहा-बारा तास पडद्यासमोर जातात. 2024च्या एप्रिलमध्ये जुना संगणक बदलायची वेळ आली, तेव्हा मला वेग नको होता. मला पडद्यावर ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ वेगळे दिसायला हवे होते.

माझा 24 इंची फुल एचडी मॉनिटर इंचाला 92 ठिपके दाखवायचा. 10 पॉइंटचा मजकूर खऱ्या आकारात पाहिला, तर एका ओळीच्या वाट्याला उंचीत जेमतेम 13 ठिपके येतात. तेवढ्यात वरची वेलांटी, रफार, शिरोरेषा, मधलं जोडाक्षर आणि खालचा उकार, सगळं बसवायचं. रोमन लिपीचं त्यात कसंबसं भागतं, देवनागरीचा चिखल होतो. ‘द्ध’चा ‘ध्द’ झालाय का, ‘शांत’वरचा अनुस्वार आहे की गळलाय, हे डोळे ताणूनही कळायचं नाही. मोठं करून पाहावं तर पानाची मांडणी नजरेआड जाते. म्हणून मी प्रत्येक पान कागदावर काढून तपासायचे, 200 पानांच्या अंकाचं तीन-तीन वेळा.

ॲपलच्या 24 इंची आयमॅकचा, म्हणजे संगणक आणि पडदा एकातच असलेल्या ऑल-इन-वनचा, पडदा 4480 बाय 2520 ठिपक्यांचा आहे, म्हणजे इंचाला 218. माझ्या 13 ठिपक्यांचे तिथे 30 होतात. हा आकडा कागदावर मांडला त्या दिवशी मन अर्धं तयार झालं.

उरलेलं अर्धं भाच्याने अडवून धरलं. तो म्हणाला, “मावशी, संगणक आणि पडदा एकात घेऊ नकोस. मॅक मिनी घे, पडद्याविना येणारा ॲपलचा छोटा संगणक, आणि त्याला 27 इंची फोर-के मॉनिटर लाव. उद्या संगणक म्हातारा झाला, तरी मॉनिटर राहील.” त्याचं म्हणणं खरंच होतं. माझ्या जुन्या मॉनिटरने दोन संगणक पाहिले होते. आयमॅकचं तसं नाही. 2014च्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच आयमॅकना दुसरा संगणक जोडून त्यांचा निव्वळ मॉनिटर करता यायचा. 2014च्या अखेरीस फाइव्ह-के पडदा आला आणि त्यापासून ती सोय गेली. आता आतला संगणक थकला की इतका सुंदर पडदाही त्याच्याबरोबर निवृत्त. मला हा सर्वांत मोठा दोष वाटला आणि आजही वाटतो.

दुसरी अडचण रॅमची. जुन्या 27 इंची इंटेल आयमॅकमध्ये मागचं झाकण उघडून रॅम घरी वाढवता यायची. मी पाहत होते त्या, ॲपलच्या एम3 चिपच्या मॉडेलमध्ये ती चिपबरोबरच यायची. 8, 16 की 24 जीबी हे घेतानाच ठरवायचं, नंतर वाढवायची वाट नाही. भारतात सुरुवातीची किंमत होती 1,34,900 रुपये, आणि 8 जीबीवर मी समाधानी राहणार नव्हते. 16 जीबी आणि जास्त साठवण धरली की दीड लाख सहज ओलांडले जातात.

फोर-केच्या 27 इंची मॉनिटरवर इंचाला 163 ठिपके येतात. वाईट अजिबात नाही. पण मला आकड्यांवर विसंबायचं नव्हतं. गेल्या वर्षीच्या अंकाची आठ पानं पीडीएफ करून मेलवर टाकली आणि दोन दुकानांत जाऊन तीच पानं दोन्ही पडद्यांवर उघडली. दुकानात समुद्राचे नि डोंगरांचे फोटो लावून ठेवलेले असतात. ते पाहून कुणी काही ठरवू नये. एका ठिकाणच्या विक्रेत्याला माझं अर्धा तास उभं राहून वाचणं आवडलं नाही. मी मात्र हलले नाही. फोर-केवर तळटीपांचा 8 पॉइंटचा मजकूर वाचता येत होता, आयमॅकवर तो छापल्यासारखा दिसत होता. शिवाय 7 बाय साडेनऊ इंची पानांची जोडी खऱ्या आकारात समोर मावून बाजूला साधनांच्या पट्ट्यांना जागा उरत होती. मी आयमॅक घेतला.

उंची बदलत नाही हे माहीत होतं, म्हणून आधीच देवघराबाहेरचा सागवानी पाट धुऊन-पुसून टेबलावर ठेवला होता. पडदा डोळ्यांच्या रेषेत आला. बॅटरी नसते, आणि आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, तेव्हा यूपीएस पहिल्याच दिवशी लावला. काच चकचकीत, म्हणून टेबल खिडकीला काटकोनात वळवलं.

खरा वेळ गेला जुन्या फायलींत. पंधरा वर्षांचं काम विंडोजवरच्या जुन्या फॉण्टमध्ये, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचं. जुन्या इंटेल मॅकवर ॲपलच्या बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं, एम मालिकेच्या चिपच्या मॅकवर ते येत नाही. म्हणून जुना संगणक कोपऱ्यात ठेवलाच. तिथे मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा, मग इकडे आणायचा. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडेपर्यंत जोडाक्षरं तुटून दिसत होती, त्यात एक अख्खी दुपार गेली. ज्यांच्याकडे असा जुना साठा मोठा आहे, त्यांनी पडद्याच्या आधी याचा विचार करावा.

रंगांबाबत मी पहिल्याच महिन्यात चुकले. या पडद्याला रंगांची व्याप्ती मोठी आणि उजेड भरपूर. मुखपृष्ठावरचा केशरी त्यावर जसा झळकला, तसा शाईत उतरणं शक्यच नव्हतं. छपाईचा नमुना हातात आल्यावर चित्रकारासमोर मान खाली गेली. आता उजेड निम्म्यावर ठेवते, आणि मुखपृष्ठ नमुना पाहिल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

आमचे मुद्रितशोधक काका सत्तरीपुढचे. पडद्यावर वाचायला त्यांनी कायम नकार दिलेला. ऑगस्टमध्ये प्रिंटरची शाई संपली होती, म्हणून त्यांना म्हटलं, काका, चार पानं इथेच बघता का? त्यांनी खुर्ची पुढे ओढली, उजेड आणखी कमी करायला सांगितला आणि बोट न लावता ओळीखालून पेन्सिल धरून वाचत गेले. चार पानांची अकरा झाली. सहाव्या पानावर थांबून म्हणाले, “हे ‘उत्कृष्ठ’ कुणी केलंय?”