ग्रेड केलेलं कार्ड दारव्ह्याहून पुण्याला पाठवताना

जूनच्या सुरुवातीला पुण्याच्या एका मुलानं माझं पोकेमॉनमधल्या चारिझार्डचं कार्ड विकत घेतलं. पीएसए या कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीनं १० पैकी ९ ग्रेड दिलेलं. पैसे खात्यात आले आणि खरा घोर तेव्हा लागला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून ते पुण्यापर्यंत धड पोचवायचं कसं?

ग्रेड दिल्यावर कंपनी कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करते, तिला स्लॅब म्हणतात. स्लॅबमध्ये आहे म्हणजे कार्ड सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. हाताळण्यापुरतं ते खरंही आहे. पण पोस्टाच्या थैलीत जपावं लागतं ते स्लॅबलाच. प्लास्टिक कडक असतं. कोपऱ्यावर आपटलं की टवका उडतो, नाहीतर तडा जातो. मग कार्ड शाबूत असलं तरी घेणारा नाराज होतो, आणि नव्या स्लॅबसाठी ते पुन्हा कंपनीकडे पाठवावं लागतं. शिवाय स्लॅब हवाबंद नसतो. चमकीचं कार्ड दमट हवेत वाकतं, म्हणून पाऊस उघडलेली कोरडी दुपार बघूनच मी पॅकिंगला बसलो.

आधी स्लॅबच्या लेबलवरच्या सर्ट नंबरासकट, म्हणजे कंपनीनं त्या कार्डाला दिलेल्या क्रमांकासकट, दोन्ही बाजूंचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढले. स्लॅब मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घातला, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. स्लीव्हचं तोंड बंद करायला साधा सेलोटेप नको, त्याचा चिकटा राहतो. रंगाच्या दुकानात मास्किंग टेप मिळतो, तो अलगद निघतो. टेपचं टोक थोडं दुमडून ठेवलं, म्हणजे समोरच्याला ब्लेड लावावं लागत नाही. स्लॅबवर ब्लेड फिरू नये हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग पुठ्ठे. पेरणीचे दिवस, त्यामुळे कृषी केंद्रात बियाण्यांची रिकामी खोकी पडलेली होती, ती मागून आणली. स्लॅबपेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठे दोन तुकडे कापले. एकाच्या आतल्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवल्या, म्हणजे जोडी कुठल्याच बाजूला सहज वाकत नाही. स्लॅब मधोमध ठेवून पुठ्ठे टेपनं बांधले, झिपच्या पिशवीत घातले, वरून बबल रॅपचे दोन वेढे दिले.

भाव वाढेल म्हणून थोडा कापूस अजून घरातच होता. आई म्हणाली, "घरात येवढा कापूस हाये, त्यातच गुंडाळ नं!" पण कापूस ओल धरतो, आणि एकदा दबला की दबूनच राहतो. खोक्यात पोकळी झाली की स्लॅब आत आपटत जातो. आईला ते पटलं आणि तिनंच जुन्या वर्तमानपत्रांचे घट्ट बोळे करून दिले. गुंडाळलेला स्लॅब खोक्यात ठेवून भोवती सगळीकडून साधारण ५ सेंमी जागा बोळ्यांनी भरली. खोकं कानाशी धरून जोरात हलवलं; आवाज आला म्हणून आणखी बोळे कोंबले, तेव्हा कुठे ते गप्प झालं. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाकली, कारण पावसात वरची शाई पसरते. स्लॅब गुंडाळण्यापासून शेवटच्या टेपपर्यंतचा व्हिडिओ भावानं काढला.

पाकिटात स्लॅब कधीच पाठवू नये. पाकीट वाकतं, त्यावर शिक्के आपटतात, आणि जड पार्सल वर पडलं की संपलंच.

सोमवारी सकाळच्या एसटीनं दारव्ह्याला गेलो, म्हणजे पार्सल रविवारच्या सुटीत अडकायला नको. पोस्टाच्या काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "काय हाये भाऊ यात? काचेचं काही?" स्पीड पोस्टला १ लाखापर्यंतचा विमा घेता येतो, पण तो आपण मागायचा आणि किंमत खरी सांगायची. तसा घेतला. पावतीवरचा ई नं सुरू होणारा १३ अक्षरी नंबर लगेच पुण्याला कळवला, आणि उघडताना व्हिडिओ काढायलाही सांगितलं.

त्यानं तो काढून पाठवला. कोपरे जसेच्या तसे, स्लीव्हवर सुरकुतीही नाही. आता त्याला आणखी दोन कार्डं हवी आहेत. ती एकाच खोक्यात जातील, पण दोन स्लॅब एकमेकांना टेकवणार नाही. प्रत्येकाला पुठ्ठ्याची वेगळी जोडी करणार.